दहा तोडा, शंभर लावा? इतकं सोपं नाहीये ते

सध्या एक फॉरवर्ड जिकडेतिकडे फिरतोय. खारफुटी गेली तर ओरड कशाला, दहा तोडा शंभर लावा, चिखलात काय कुठेही उगवतं, आणि ते शेजारी देशांबरोबरचे करारबिरार म्हणजे साहेबलोकांच्या सहली. वाचायला झकास.

आधी ते 'कुठेही उगवतं' घेऊ. फिलिपिन्सने हा प्रयोग वर्षानुवर्षं पैसा ओतून केलाय. रोप कांदळाचं, म्हणजे खारफुटीतल्या एका जातीचं घ्यायचे, कारण त्याची शेंग झाडावरच रुजते, हातभर लांब होते, गोळा करून चिखलात खोचली की झालं, फोटोपण मस्त येतो. पण खोचली कुठे, तर पार समुद्राच्या तोंडावर, जिथे निसर्गात तिवरासारख्या दुसऱ्या जातीची खारफुटी पुढे असते, कांदळ नाही. बऱ्याच ठिकाणी दहातली एक-दोनच जगली. मग खारफुटीच्या मूळ जागी का नाही लावली? तिथे मासे पाळायची तळी झालेली, ती सोडवणार कोण! श्रीलंकेतही त्सुनामीनंतर धडाक्यात लागवड झाली, नंतर २३ जागा तपासल्या तर ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं.

थायलंडमध्ये क्राबीला उलटं केलं, कोळंबीच्या पडीक तळ्यांचे बांध फोडून भरतीला वाट दिली, बिया पाण्याबरोबर आल्या. असले अनुभव एकमेकांना सांगायलाच बैठका लागतात हो. त्यात काही सहली असतीलही, मी नाही म्हणत नाही.

आणि सुंदरबन? साधारण १०,००० चौरस किमी, त्यातलं ६० टक्के बांगलादेशात. गोडं पाणी येतं गंगेतून, तिच्यावर आपल्या हद्दीत फराक्का धरण झालं १९७५ला, बांगलादेशाकडे गोडं पाणी कमी होऊन खारेपणा वाढला, तिथल्या खारफुटीतली सुंदरीची झाडं शेंड्याकडून वाळतात त्यामागे हेही एक कारण धरतात. सुंदरबनासाठी दोन्ही देशांचा करार झाला २०११ला. आता आपल्या बाजूला कितीही रोपं लावा, वरून येणारं पाणी एकट्याने कसं सांभाळणार?

एवढ्या लांब कशाला, ठाणे खाडी बघा. भरावाचा डंपर रिकामा झाला की तिवराची ती पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं गाडली जातात आणि कुऱ्हाड न लागता झाड मरतं. हायकोर्टाने २०१८ला भराव टाकायला सक्त मनाई केलीय. खाडी एकच, काठावर पालिका तीन, मुंबई, ठाणे, नवी मुंबई. यांना एका टेबलावर बसायला तर पासपोर्टही लागत नाही.