संदर्भ : गुगल

प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की ग्रंथालयात तीच जत्रा! "मॅडम, शेवटच्या पानावर टाकायला चार पुस्तकांची नावं द्या ना." अरे, वाचलंस कुठलं? "वाचायला नको, फक्त नावं हवीत." काही महाभाग तर सरळ 'संदर्भ : गुगल' लिहून मोकळे. घरचा पत्ता विचारला तर 'एसटी स्टँड' सांगण्यातलाच प्रकार.

त्यात आता एआयने रचलेली पुस्तकं. लेखक खरा, प्रकाशन खरं, पुस्तक मात्र जन्मालाच आलेलं नाही! कॅटलॉग उघडून दाखवला तरी वर मलाच ऐकवतात, "तुमच्याकडे नसेल."

पण पोरांवर तरी किती चिडायचं? ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात असतो, पोर्शन राहिला की पहिला बळी त्याचाच. प्रवेशाच्या दिवसांत 'ग्रंथालय परिचय' म्हणून कपाटांसमोरून फिरवून आणायचं, पुस्तकावरचा वर्गांक ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, एवढं सांगेपर्यंत घंटा. ई-पुस्तकं, ई-जर्नल्स वाचायला एन-लिस्टचं लॉगिन देऊन ठेवलंय, उघडतो कोण? शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात, हे एम.ए.च्या पोरांना तोंडी परीक्षेच्या तोंडावर कळतं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे ही तर काही प्राध्यापकांनाही बातमी असते. (हेच पुढे 'कॉपी-पेस्ट पिढी'वर भाषणं देतात.)

आणि कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की निरोप हजर : "मॅडम, माहिती साक्षरतेच्या कार्यशाळेचा अहवाल द्या, फोटोसकट." माहिती कशी शोधायची, पारखायची हे शिकवणाऱ्या त्या कार्यशाळेला तास कधी देताय, ते विचारलं की सगळ्यांना मीटिंग आठवते.