स्वतःच्याच गाण्यांवर कात्री

ब्रिटिश रॉक गायक-गीतकार एल्व्हिस कॉस्टेलोने ‘द रूट्स’ या अमेरिकी हिप-हॉप बँडबरोबर केलेला ‘वाइज अप घोस्ट’ हा अल्बम सप्टेंबर २०१३ मध्ये आला, तेव्हा त्याची जुनी गाणी तोंडपाठ असलेल्या आम्हा मंडळींचा पहिला सूर नाराजीचाच होता. बारा गाण्यांपैकी कित्येकांमधले शब्द ओळखीचे निघाले. इथे १९८३ चे कडवे, तिथे १९९१ च्या दोन ओळी. ज्या माणसाने १९७७ पासून शब्दांचा नुसता पाऊस पाडला, त्याला साठीच्या उंबरठ्यावर नवे शब्द सुचेनासे झाले की काय, अशी शंका मीही तेव्हा बोलून दाखवली होती. ती शंका आज मी मागे घेतो. मला तेव्हा जो आळस वाटला, तेच या अल्बममधले सर्वांत धाडसाचे काम आहे, असे माझे आताचे मत आहे.

फिलाडेल्फियात १९८७ साली ड्रमवादक क्वेस्टलव्ह आणि रॅपर ब्लॅक थॉट या दोघांनी सुरू केलेला हा बँड २००९ पासून जिमी फॅलनच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात रोज वाजवत होता. पाहुणा कोणीही येवो, त्याचे गाणे त्या संध्याकाळपुरते आपलेसे करायचे, ही त्यांची रोजची कामगिरी. कॉस्टेलो तिथे पाहुणा म्हणून येत गेला, त्याच्या जुन्या गाण्यांना त्यांनी वेगळे रूप दिले आणि त्या ओळखीतूनच हा अल्बम उभा राहिला. निर्माते म्हणून कॉस्टेलो, क्वेस्टलव्ह आणि स्टीव्हन मँडेल अशी तीन नावे आहेत. कॉस्टेलोने याआधी ब्रॉडस्की क्वार्टेट हा तंतुवाद्यांचा चमू, पॉप संगीतकार बर्ट बॅकरॅक, न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक ॲलन टूसाँ अशा एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांबरोबर अल्बम केले असल्यामुळे ‘आता हिप-हॉपची पाळी’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण या वेळचा मामला निराळा होता, कारण आधीच्या सोबत्यांकडून त्याने सूर घेतले होते आणि रूट्सकडून त्याने पद्धत घेतली.

हिप-हॉपची मूळ कारागिरी म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या संगीताचा एखादा तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर नवे बोलणे रचायचे. कॉस्टेलोने हीच कात्री स्वतःच्या गाण्यांवर चालवली. ‘ट्रिपवायर’मध्ये तर १९८९ च्या ‘स्पाइक’ या अल्बममधील त्याच्याच ‘सॅटेलाइट’ गाण्याचा तुकडा सरळ सॅम्पल म्हणून वापरला आहे, मात्र इतर बहुतेक ठिकाणी उचलले आहेत ते शब्द. खरे तर यात आपल्याला नवल वाटायचे कारण नव्हते. विलंबित एकतालातली बंदिश कोणी मध्य लयीत मांडली, तर गायकाला नवे शब्द सुचले नाहीत असे आपण म्हणत नाही. ठेका बदलल्यावर त्याच अक्षरांवरचे वजन कसे सरकते, ते कान देऊन ऐकतो. रॉकच्या श्रोत्याला मात्र गाणे आणि त्याची रेकॉर्ड या दोन गोष्टी एकच वाटतात, आणि आमची चूक तिथेच झाली.

‘पिल्स अँड सोप’चे उदाहरण घ्या. हे गाणे कॉस्टेलोने १९८३ मध्ये, ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, ‘द इम्पोस्टर’ या टोपणनावाने काढले. रोख अर्थातच थॅचरबाईंच्या ब्रिटनवर आणि तिथल्या सवंग वृत्तपत्रांवर होता. गाण्यात जवळजवळ काहीच नाही: ड्रम मशीनचा कोरडा ठोका, चुटक्या आणि त्याच्या जुन्या साथीदाराचा, स्टीव्ह नीव्हचा, दबा धरून बसलेला पियानो. ग्रँडमास्टर फ्लॅशच्या ‘द मेसेज’ या सुरुवातीच्या गाजलेल्या रॅप गाण्याने आपल्याला ही वाट सुचवली, असे कॉस्टेलोने स्वतःच सांगितले आहे, म्हणजे हे शब्द जन्मापासूनच निम्मे हिप-हॉपचे होते. तीस वर्षांनी तेच शब्द ‘स्टिक आउट युअर टंग’मध्ये येतात, तेव्हा यंत्राच्या जागी क्वेस्टलव्ह बसलेला आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, हाडामांसाचा माणूस असूनही तो यंत्रावर फिरणाऱ्या तुकड्यासारखा वाजवतो. स्नेअर या ड्रमचा आवाज आखूड, आणि ठोका नेमक्या जागेच्या केसभर मागे. पहिल्या रूपात कॉस्टेलो दातओठ खात शब्द फेकत होता, तर इथे बास संथपणे सरकत राहतो आणि कॉस्टेलो जवळजवळ कुजबुजतो. राग तोच आहे, फक्त आता तो निवडणुकीपुरता उरलेला नाही. १९८३ मध्ये धमकी वाटलेली ओळ २०१३ मध्ये डॉक्टरने थंडपणे वाचून दाखवलेल्या अहवालासारखी लागते, आणि मला ती अधिक भयंकर वाटते.

‘सिंको मिनुतोस कोन व्होस’ हे गाणे याहून पुढे जाते. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या वेळी कॉस्टेलोने क्लाइव्ह लँगरच्या चालीवर ‘शिपबिल्डिंग’ लिहिले होते, ज्यात जहाजबांधणीमुळे गावात काम परतते आणि त्याच जहाजांतून गावची पोरे लढाईवर जातात. या नव्या गाण्यात तो समुद्राच्या पलीकडच्या काठावर, लष्करी राजवटीतल्या अर्जेंटिनाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि ‘ला सांता सेसिलिया’ बँडची ला मारिसोल त्याच्याबरोबर स्पॅनिशमध्ये गाते. इथे जुन्या ओळी उचललेल्या नाहीत. जुन्या गाण्याची राहिलेली बाजू तीस वर्षांनी पुरी केली आहे. आपल्या गाजलेल्या गाण्यात कोणाचा आवाज नव्हता, हे इतक्या काळाने आठवणारे गीतकार थोडेच असतील.

याच ठिकाणी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. १९७९ मध्ये ओहायोतील कोलंबसच्या एका हॉटेलात, दारूच्या नशेतील भांडणात, कॉस्टेलोने जेम्स ब्राऊन आणि रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकांबद्दल अत्यंत हीन वर्णद्वेषी शब्द वापरले होते. पुढे त्याने न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद घेऊन खुलासा केला, आणि त्यानंतरही अनेकदा खंत व्यक्त केली. गंमत पाहा, त्याच वर्षी कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय वादकांच्या ‘द स्पेशल्स’ या बँडच्या पहिल्या अल्बमचा तो निर्माता होता! एका अल्बमने जुना डाग धुऊन निघतो असे मी म्हणत नाही, आणि रूट्सने त्याच्यासाठी धुलाईचे काम पत्करले असेही मला वाटत नाही. पण क्वेस्टलव्हसारखा, कृष्णवर्णीय संगीताचा इतिहास कोळून प्यालेला माणूस सगळे ठाऊक असून त्याच्याबरोबर बसला, यातला मोकळेपणा मला मोलाचा वाटतो.

अल्बममध्ये उणिवा आहेत. लय बहुतेक वेळ एकाच मध्यम गतीत रेंगाळते आणि दुसऱ्या निम्म्यात हे रेंगाळणे जाणवते. ‘व्हाइसरॉयज रो’ तर माझ्या हातून आजही वगळले जाते. मात्र कॉस्टेलो एकदाही रॅप करायला जात नाही, याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. वयाने वाढलेल्या रॉक गायकांनी उलटी टोपी घालून केलेले प्रयोग आपण पुष्कळ सोसले आहेत. तसाच ब्लॅक थॉटही संपूर्ण अल्बममध्ये गप्प आहे. हा संयम बरोबरच होता, हे मला पटते. एवढ्या शब्दबंबाळ गीतकारापुढे तितकाच शब्दबहाद्दर रॅपर उभा केला असता, तर दोघांची जुगलबंदी झाली असती आणि गाणी बाजूला राहिली असती. तरीही ‘वॉक अस अपटाउन’ सुरू झाले आणि कॉस्टेलो थांबून वाद्ये एकटी उरली की, आता ब्लॅक थॉट बोलेल, असे मला दर वेळी वाटून जाते.