खुब्याचा सांधा बदलल्यावरही दुखतंय? त्या मेसेजबद्दल खुलासा

‘खुब्याचा सांधा बदलून तीन महिने झाले तरी दुखत असेल तर ऑपरेशन फसलं, लगेच दुसरं करून घ्या’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट नेहमी बघते.

पूर्ण सावरायला बऱ्याच जणांना वर्षभर लागतं. दुखणं रेंगाळलं तर आधी कारण शोधायचं. जांघेत दुखत असेल तर नव्या सांध्याच्या वाटीची (कमरेच्या हाडात बसवलेला भाग) किंवा तिथल्या स्नायूची शंका येते, मांडीत दुखत असेल तर मांडीच्या हाडात बसवलेल्या दांडीची. कित्येकदा मूळ कंबरेच्या मणक्यात निघतं. मग सांधा पुन्हा बदलून काय होणार? खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार पावलांनाच कळ येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सांधा सैल झाल्याची ती खूण असू शकते.

जुने-नवे एक्स-रे ताडून बघतात, रक्तात सीआरपी (शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की वाढणारा घटक) तपासतात, जंतुसंसर्गाची शंका आली तर सांध्यातलं पाणी काढतात. त्याआधी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, नाहीतर संसर्ग असूनही तपासणीत जंतू सापडत नाहीत, असं होऊ शकतं.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, अचानक पाय टेकवेनासा होणं, यांत मात्र एक दिवसही थांबू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.