आधी गोळी, मग तपासणी! हा कुठला उलटा कारभार?

"गेल्या महिनाभरात कुठली अँटिबायोटिक घेतली का? शेवटची गोळी कधी?" एवढं विचारायला यांच्या तोंडाला काय होतं? लॅबच्या काउंटरवर मला विचारलं काय, तर "उपाशी आहात ना?" अहो बाई, लघवी द्यायला आलोय, शुगर बघायला नाही!

गोंधळ घातला तो कोथरूडमधल्या दवाखान्यानं. लघवीला जळजळ, थोडा स्राव. डॉक्टरांनी मान वर न करता अझिथ्रोमायसिन ५०० खरडली, रोज एक, ३ दिवस. आधी नमुना, मग औषध, हा क्रम त्यांना माहीत नसेल? असणारच. पण क्लॅमिडिया, गनोरिया हे शरीरसंबंधातून लागणारे आजार, त्यांचं नाव काढलं की चार नको ते प्रश्न विचारावे लागतात, आणि पडद्यापलीकडे बाकड्यावर काकू कान टवकारून बसलेल्या. त्यापेक्षा गोळी सोपी. आजकाल गनोरियाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन देतात आणि क्लॅमिडियाला ७ दिवस डॉक्सीसायक्लिन, पण ते लांबच राहिलं.

त्रास कमी झाला, गेला नाही. मग गुप्तरोगाच्या डॉक्टरांनी पीसीआर, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, लिहून दिली. लॅबमधला पोरगा डबी हातात देत म्हणतो, "पहिली धार सोडा, मधली पकडा." मधली धार कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, लागते रे बाबा! हे जंतू मूत्रमार्गात बसलेले असतात, म्हणून पीसीआरला पहिलीच धार हवी, आणि त्याआधी तासभर तरी लघवीला गेलेलं नको. तसं सांगितलं तर म्हणे, "आमच्याकडे असंच घेतात, साहेब." भिंतीवर पाट्या मात्र ढीगभर: चपला बाहेर काढा, सुटे पैसे द्या, रिपोर्टसाठी फोन करू नये. एवढीच हौस आहे तर 'अँटिबायोटिक घेतली असल्यास आधी सांगा' अशी एक लावा की!

रिपोर्ट आला, "नॉट डिटेक्टेड". आता या कागदाचं काय लोणचं घालू? जंतू नव्हतेच, की गोळीनं दबले, की मधल्या धारेत निसटले? कोणीच सांगू शकत नाही. बायकोला काय सांगायचं, हा प्रश्न तर माझ्या एकट्याच्या गळ्यात.

मित्राची तऱ्हा याच्या बरोबर उलटी. उपचार नीट पूर्ण झाले आणि आठवड्यातच कुणीतरी "खात्रीसाठी" पीसीआर करायला लावली. पॉझिटिव्ह! येणारच ना, ती मेलेल्या जंतूंचे अवशेषही पकडते. निदान ४ आठवडे थांबायला हवं होतं, आणि नव्यानं लागण झाली का ते बघायला साधारण ३ महिन्यांनी परत. त्याला मात्र आणखी जहाल औषध चिकटवलं. घरात संशयावरून जे रामायण झालं ते वेगळंच.

वर ही 'फुल पॅकेज'ची दुकानदारी! संबंधाच्या दुसऱ्याच दिवशी कुणी आला तरी खुशाल रक्त काढून घेतात. सिफिलिसच्या अँटिबॉडी दिसायला काही आठवडे लागतात, एचआयव्हीच्या चौथ्या पिढीच्या टेस्टमध्येही लागण दिसायला ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था भोसरीत, म्हणजे इथून तासाभरावर, आणि काउंटरवर ही अक्कल!

आता पुन्हा नमुना द्यायचाय, पहिल्या धारेचा. पैसेही पुन्हा, पूर्ण. हे मात्र काउंटरवरच्या बाईंनी न विचारता सांगितलं.