तिची पेन्शन तिलाच राहू द्या

निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या ग्रुपवर परत तीच मळमळ: "पोरगा आईबापाचा गेला, पेन्शन मात्र सून घेऊन माहेरी गेली." २०२४ च्या जुलैत कीर्तिचक्र मिळालेल्या एका दिवंगत कॅप्टनच्या आईवडिलांनी वारसाचे निकष बदला अशी मागणी केली, तेव्हापासून हे काही थंड होत नाही. त्यात पोरीनं दुसरं लग्न केलं असलं की पारावर कोर्टच भरतं.

नियम काय आहे? जवान लढाईत गेला तर शेवटच्या पगाराएवढी पेन्शन, सेवेमुळं गेला तर ६० टक्के. आधी हक्क पत्नीचा. पोरगा बिनलग्नाचा असला तर आईवडिलांचा.

मी ग्रुपवर टाकलं, की इकडं इंग्लंडात, स्विंडनला, फौजीच्या लग्न न करता सोबत राहणाऱ्या जोडीदारालाही हे पैसे मिळतात आणि पुढं तिनं कुणाशी संसार मांडला हे कुणी विचारत नाही. उत्तर आलं, "गोऱ्यांचे संस्कार तिकडंच ठेव." बरं. मग माझ्या गैरसोयीचंही सांगतो: जुन्या योजनेतल्या विधवांची पेन्शन इथंही पुनर्विवाहानं बंद व्हायची. २०१५ पासून ते थांबलं आणि आधी गमावलेल्यांसाठी २०२३ मध्ये ८७,५०० पौंड एकरकमी ठरले. आपल्याकडं? शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहायला २०१७ पर्यंत नवरा म्हणून दीरच लागायचा. दीरच!

माझ्या चुलतीला फौजेतली कुटुंब पेन्शन आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला सेवा केंद्रात जाते. सोयाबीन काढून काढून अंगठ्याच्या रेषा गेल्यात, मशीन घेत नाही. केंद्रातला पोरगा म्हणतो, "पुसा काकू, आता मधलं बोट ठेवा." त्याच पैशांतून पुतण्यांचं बी-बियाणं येतं, तेव्हा मात्र ती सून कुणाची हे कुणाला आठवत नाही.

खरा प्रश्न म्हाताऱ्यांना कोण बघणार हा आहे. ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे पुण्यात, शारजात आणि एक मी. माझ्या आईला लातूरच्या दवाखान्यात धाकटी भावजय नेते. मी पैसे पाठवतो आणि मतं पाठवतो. "तू आता तिकडचा," असं कुणी म्हटलं की मात्र अंगाला लागतं. सातबाऱ्यावर नाव आहे माझं अजून! मतदार यादीतून गेलंय, ते वेगळं.

आईबापांसाठी वेगळी रक्कम सरकारकडं मागा की, पोरीच्या ताटातली कशाला? अर्ज मी टाईप करून देतो. सह्या तुमच्या लागतील, माझी आता चालत नाही.