‘सरळ प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्या’ हा सल्ला नवशिक्याला देऊ नका

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज गेले काही महिने फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला. नेमबाजीचा नाद लागलेल्या आणि घरी काडतुसं भरायला, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्यांत (काडतुसाच्या धातूच्या कवचांत) पुन्हा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि गोळी घालायला निघालेल्या लोकांसाठी तो लिहिलाय. थोडक्यात मजकूर असा: सिंगल स्टेज प्रेसवर (काडतुसं भरायच्या साध्या, दांड्याच्या यंत्रावर) वेळ घालवू नका, थेट प्रोग्रेसिव्ह घ्या, दोन-तीन महिन्यांत पैसे वसूल होतात, पावडर मेझर (पावडर मापून ओतणारं साधन) एकदा सेट केलं की वजनकाट्याची गरज नाही, मॅन्युअल (कुठल्या काडतुसात किती पावडर ते सांगणारं पुस्तक) विकत कशाला, सगळं नेटवर आहे, कार्बाइडचे (अतिकठीण पदार्थाचे) डाय, म्हणजे पुंगळीला मापात आणणारे साचे, घेतले की तेल लावायची कटकट नाही, पुंगळ्या लाँड्री रूममध्ये साफ करा, प्रायमर बरणीत भरून ठेवा, आणि भारतात जाताना एखादा प्रेस भावालाही घेऊन जा.

मी ह्यूस्टनजवळ राहते आणि गेली नऊ वर्षं गॅरेजमध्ये स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरते. मेसेज लिहिणाऱ्याला मदतच करायची असणार, हे मी मानते. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ नवख्या माणसाला चुकीच्या दुकानात नेते, आणि दोन ओळी तर हात-डोळे घालवतील अशा आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा प्रेसचा. सिंगल स्टेज म्हणजे एका वेळी एकच डाय, एकच काम. आरसीबीएसचा रॉक चकर हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला नमुना. पन्नास पुंगळ्या घ्यायच्या, पन्नासांचा जुना प्रायमर काढून त्यांना मापात आणायचं, मग पन्नासांची तोंडं किंचित उघडायची, मग प्रायमर, मग पावडर, मग गोळी बसवायची. प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे डिलन कंपनीच्या आरएल ५५० किंवा एक्सएल ७५० सारख्या मशीनमध्ये, दांडा एकदा ओढला की चार-पाच पुंगळ्यांवर चार-पाच वेगवेगळी कामं एकदम होतात, आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं. वेग खरोखर अफाट आहे. जे लोक दर शनिवारी पिस्तूल स्पर्धेला जातात आणि महिन्याला हजारभर गोळ्या झाडतात, त्यांनी प्रोग्रेसिव्हच घ्यावा. त्यांच्याबाबतीत मेसेज बरोबर आहे.

पण नवशिक्याला अजून कुठल्या कामाला हाताला काय जाणवायला हवं हेच माहीत नसतं. प्रायमर खाचेत बसताना बोटांना एक बारीक, घट्ट अशी टेक लागते. ती लागली नाही तर खाच ढिली झालेली असते. जास्तच जोर लागला तर पुंगळी लष्करी बनावटीची, प्रायमरभोवतीची कड आवळलेली (क्रिंप केलेली) असू शकते, किंवा .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या ढिगात लहान प्रायमरची पुंगळी शिरलेली असू शकते. सिंगल स्टेजवर हे पहिल्या दहा पुंगळ्यांत कळतं. पाच कामांचा जोर एकाच दांड्यावर येत असेल तर अडलं कुठे हे नवख्या हाताला उमगत नाही.

आणि खरा धोका मशीन सुरळीत चालताना नसतो, अडतं तेव्हा असतो. प्रायमर आला नाही, पुंगळी तिरकी झाली, म्हणून तुम्ही दांडा अर्ध्यावर थांबवता, काहीतरी काढता, पुन्हा ओढता. आरएल ५५० ची पुंगळ्या धरणारी चकती हाताने फिरवावी लागते. गोंधळात ती फिरवायची राहिली की त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडते. चकती आपोआप फिरणाऱ्या मशीनवर ही चूक कमी होते, पण अडकलेलं सोडवताना एखादी पुंगळी पावडरीशिवाय पुढे सरकू शकते. दुप्पट पावडर म्हणजे बंदूक फुटण्याचा धोका. पावडरच नसेल तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. त्यामागून दुसरी गोळी झाडली की नळीचं काय होतं ते सांगायला नको.

मी हे रेंजवर पाहिलंय. माझ्या शेजारच्या लेनमध्ये एका गृहस्थाच्या पिस्तुलातून नेहमीच्या धडाक्याऐवजी नुसतं ‘फट्’ झालं. रेंज ऑफिसर तिथेच ओरडला म्हणून त्याचं बोट थांबलं. नळीत सळई घातली तर ती अर्ध्यावर टेकली. आठवड्यापूर्वी घेतलेल्या प्रोग्रेसिव्हवर भरलेली ती पहिलीच खेप होती. माणूस चांगला, काळजीवाहू. घाईने त्याला फसवलं.

सिंगल स्टेजवर चूक होत नाही असं मी म्हणत नाही. माझी झालीय. मी .३८ स्पेशल भरत होते. हे काडतूस १८९८ च्या सुमाराला काळ्या दारूच्या जमान्यात बेतलेलं, त्यामुळे पुंगळीत जागा भरपूर. आजची धूरविरहित पावडर तळाशी चिमूटभर दिसते. दुप्पट पडली तरी ती सांडत नाही, आरामात मावते. पावडर टाकता टाकता फोन वाजला, परत आले आणि हात पुढे सुरू केला. माझा एक नियम आहे: गोळ्या बसवण्याआधी पन्नास पुंगळ्यांचा लाकडी ठोकळा समोर ठेवायचा, टॉर्च तिरका धरायचा आणि दहा-दहाच्या पाच ओळी वरून पाहायच्या. एकोणपन्नास पुंगळ्यांत पावडरीच्या करड्या बारीक चकत्यांची पातळी सारखी होती. तिसऱ्या ओळीतली एक पुंगळी मात्र वरपर्यंत आलेली. मी ती रिकामी केली, मग सगळा ठोकळाच रिकामा केला आणि त्या दिवशी काम बंद केलं. ती चूक मला दिसली, कारण सगळ्या पुंगळ्या एकदम उघड्या तोंडाने समोर उभ्या होत्या. प्रोग्रेसिव्हवर पावडर पडल्यानंतर पुढच्या एक-दोन ओढींत वर गोळी बसलेली असते. पावडरची पातळी तपासणारा डाय मिळतो, तो जरूर लावा. पण हा खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही.

ज्यांना सिंगल स्टेज फारच संथ वाटतो त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे: टरेट प्रेस. ली कंपनीचा क्लासिक टरेट पाहा. डाय चारही वर बसलेले, पण काम एका वेळी एकाच पुंगळीवर. आणि सिंगल स्टेज घेतला म्हणून पुढे वाया जात नाही. बहुतेक डाय ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४ आटे असलेले असतात, ते बहुतेक मशीनवर चढतात. (डिलनच्या स्क्वेअर डील बी ला मात्र स्वतःचेच डाय लागतात, घेण्याआधी हे ठाऊक असू द्या.) माझ्याकडे आज प्रोग्रेसिव्ह आहे, तरी रायफलीचं सगळं काम जुन्या सिंगल स्टेजवरच होतं.

आता पैसे वसूल होण्याचं. कागदावर मांडून पाहा. समजा मशीन, डाय, काटा, बाकीचं सामान मिळून १२०० डॉलर गेले. ९ एमएमच्या काडतुसामागे दुकानच्या तुलनेत ८ सेंट वाचले असं धरा. १५,००० काडतुसं भराल तेव्हा पैसे फिटतील. महिन्याला २०० झाडणाऱ्याला त्याला ७५ महिने लागतील, म्हणजे सव्वासहा वर्षं. तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा. स्वस्त, भरपूर मिळणाऱ्या ९ एमएमसाठी घरी भरणं हा पैसे वाचवायचा मार्ग नाही. रायफलीची अचूक, स्पर्धेची (मॅच) काडतुसं किंवा दुकानात सहज न मिळणारी जुनी मापं असतील तर वाचतात, आणि तिथे तर सिंगल स्टेजच हवा. आणखी एक: भरायला लागल्यावर माणूस जास्त झाडतो. माझा महिन्याचा खर्च कमी झालेला नाही, सराव मात्र दुपटीने वाढला. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण मी त्याला बचत म्हणणार नाही.

वजनकाट्याची ओळ वाचून मी खरोखर घाबरले. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन, एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅमच्या आतबाहेर. आपण ग्रेनच्या दहाव्या हिश्शाची काळजी करतो. पावडर मेझर वजन करत नाही, ते माप भरून ओततं, आपल्याकडे मापट्याने तांदूळ देत तसं. बारीक, गोलसर दाण्यांची पावडर त्यातून एकसारखी पडते. काडीसारख्या लांबट दाण्यांची नळीत अडकते, एका पुंगळीत कमी पडते आणि पुढचीत साचलेली जास्त. म्हणून दर दहा-वीस पुंगळ्यांमागे एक काट्यावर टाकून पाहावीच लागते. काट्यालाही तपासावं लागतं. माझा इलेक्ट्रॉनिक काटा एकदा सारखा सरकत होता. कारण शोधायला अर्धा तास गेला. वरच्या छिद्रातून एसीचा झोत थेट त्याच्या तबकडीवर येत होता. तेव्हापासून प्रमाणित चेक वेट्सचा (ठरलेल्या वजनाच्या मापांचा) लहान डबा काट्याशेजारी असतो आणि प्रत्येक बैठकीची सुरुवात त्याने होते. तराजूसारखा दांडीचा काटा घेतलात तरी उत्तम, त्याला वीजही लागत नाही.

मॅन्युअलबद्दल: ती माझ्या मते पहिली खरेदी, प्रेसच्याही आधीची. लायमन, हॉर्नेडी, सिएरा, स्पीअर यांच्यापैकी किमान एक घ्या आणि पुढची प्रकरणं नीट वाचा, फक्त मागचे तक्ते नको. नेटवर माहिती नाही असं नाही. हॉजडनसारखे पावडर विकणारे स्वतःचे आकडे अधिकृतपणे देतात, तेही पाहा. ग्रुपवर आलेला कुणाचा तरी स्क्रीनशॉट वेगळा. आयएमआर ४३५०, एच ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन निरनिराळ्या पावडरी आहेत, एकीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं ‘४३५०’ लिहिलेलं मी पाहिलंय.

कार्बाइड डायचं अर्धं खरं आहे. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना तेल लागत नाही. गळा आवळलेल्या रायफलीच्या पुंगळ्यांना लागतं, डाय कार्बाइडचा असला तरी. माझी पहिली .३०८ ची पुंगळी मी कोरडी घातली आणि ती आत अशी रुतली की दांडा उलटा ओढल्यावर तिची कडच तुटून हातात आली. ड्रिलने तळ पोखरून, आटे पाडून, स्क्रूने ओढून ती काढावी लागली. शिवाय रायफलीची पुंगळी प्रत्येक वेळी लांबते, .३०८ ची लांबी २.०१५ इंचापुढे जाता कामा नये, म्हणून लांबी मोजायला कॅलिपर आणि जास्तीची कापायला ट्रिमर हवेतच. मेसेजच्या यादीत दोन्ही नाहीत. चुकीची भरलेली काडतुसं उघडायचा बुलेट पुलरही नाही. साध्या हातोडीसारखं दिसणारं हे स्वस्त साधन पहिल्याच महिन्यात लागतं.

लाँड्री रूमचा सल्ला तर कृपा करून पुढे पाठवू नका. प्रायमरमध्ये शिसं असतं, लेड स्टिफ्नेटच्या रूपात, आणि झाडलेल्या पुंगळीत त्याची काजळी राहते. अक्रोडाच्या कवचाचा भुगा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा घालून टंबलर (पुंगळ्या घुसळून साफ करणारं यंत्र) फिरवला की ती धूळ हवेत उडते आणि तुमच्या लेकरांच्या कपड्यांवर बसते. मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये दखलपात्र पातळी डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. इतकी थोडी. टंबलर गॅरेजमध्ये, झाकण लावून. भुगा वेगळा करायचा तो बाहेर. नाहीतर पाण्यातला टंबलर घ्या. काम झालं की आधी हात धुवा, मग घरात शिरा.

प्रायमर बरणीत भरणं हे त्याहून वाईट. एकमेकांना चिकटून ठेवलेल्या प्रायमरपैकी एक उडाला की सगळे उडतात आणि काच चौफेर जाते. कंपनी त्यांना वेगवेगळ्या खाचांत ठेवून देते ते याचसाठी. त्याच डब्यात राहू द्या. अमेरिकेच्या एनएफपीए ४९५ या स्फोटक साहित्याच्या सुरक्षा संहितेप्रमाणे घरात १०,००० पर्यंत प्रायमर आणि मूळ डब्यात २० पौंडांपर्यंत धूरविरहित पावडर ठेवता येते; तुमच्या शहराचा नियम याहून कडक असू शकतो, आणि अपार्टमेंटमध्ये असाल तर भाडेकरार आधी वाचा. स्वतःपुरतं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, पण भरून विकायचा धंदा करायला लागतो.

शेवटची ओळ भारताची. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातल्या ‘दारूगोळा’ या व्याख्येतच काडतुसं बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे बॅगेतला प्रेस कायद्याच्या नजरेत लोखंडाचा तुकडा नाही. ‘कोल्हापूरचे नेमबाज कसे तयार होतात’ असं म्हणून या ओळीचं समर्थन झालेलंही मी वाचलं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, आणि त्यात .२२ चं रिमफायर काडतूस असतं. त्याचं ज्वालाग्राही मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, पिन त्या कडेला ठेचते, आणि ही पुंगळी पुन्हा भरायची नसते. एअर रायफलीला तर पुंगळीच नाही. भावाला नेमबाजीची आवड असेल तर त्याच्यासाठी बॅगेत कानांचे चांगले मफ आणि नेमबाजीचा चष्मा न्या.