वाग्नर ऐकून नीत्शे वेडा झाला म्हणे!

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: थोर जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने जर्मन संगीतकार वाग्नरचं संगीत मेंदूला रोगट करतं हे सिद्ध केलं होतं, तो स्वतः ते ऐकूनच वेडा झाला, पुढे त्याने त्या संगीताचं तोंडही पाहिलं नाही, आणि वाग्नर तर हिटलरचा दोस्त, तेव्हा मुलांना यापासून लांब ठेवा. एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण हा मजकूर आमच्या ताईपर्यंत पोचला. तिची मुलगी पियानो शिकते, सध्या वाग्नरच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्ड' या संगीतिकेच्या (ऑपेराच्या) सुरुवातीच्या वाद्यसंगीताने झपाटलेली आहे. ताईने तिचे हेडफोनच काढून घेतले. कुणीतरी ठोकून दिलेल्या थापेपायी पोरीचं ऐकणं बंद व्हावं, हे मला सहन होत नाही.

आधी ते वेडाचं. नीत्शे तुरिनमध्ये कोसळला तो जानेवारी 1889 च्या सुरुवातीला. तोवर वाग्नरला जाऊन सहा वर्षं होत आली होती आणि दोघांची मैत्री तुटून दशक उलटलं होतं. नीत्शेची भयंकर डोकेदुखी आणि डोळ्यांचं दुखणं शाळेपासूनचं, म्हणजे वाग्नरची ओळख होण्याच्या कितीतरी आधीचं. प्रकृतीपायीच 1879 मध्ये त्याने बाझेलची प्राध्यापकी सोडली. बाझेल आणि येनाच्या डॉक्टरांनी निदान केलं ते सिफिलिसमुळे मेंदूला होणाऱ्या विकाराचं. पुढच्या काळात काही डॉक्टरांनी त्यावर शंका घेतली, मेंदूतल्या गाठीसारख्या इतर शक्यता मांडल्या. संगीत ऐकल्याने असं होतं, हे मात्र त्यांच्यातल्या कुणी म्हटलेलं नाही. उलट मित्र ओव्हरबेक त्याला न्यायला तुरिनला पोचला, तेव्हा त्या भ्रमिष्ट अवस्थेतही नीत्शे पियानोवर बसून गात होता. आणि वाग्नरची बायको कोसिमा? तिने हे संगीत जन्मभर ऐकलं, नवऱ्यामागे बायरॉइटचा त्याच्या संगीतिकांचा महोत्सव चालवला आणि 1930 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी गेली. मजकूर लिहिणाऱ्याने एवढं तरी बघायला हवं होतं.

'आजार' हा शब्द मात्र नीत्शेचाच, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. 1888 च्या 'द केस ऑफ वाग्नर'मध्ये तो विचारतो, वाग्नर माणूस तरी आहे का, की आजारच? वाग्नरच्या संगीताला आपला आक्षेप शारीरिक आहे, ते ऐकताना श्वास नीट घेता येत नाही, असंही त्याने लिहिलंय. पण याच पुस्तकाची प्रस्तावना उघडा. तिथे तो म्हणतो, मीही वाग्नरइतकाच या काळाचं अपत्य आहे, ऱ्हासाचंच. फरक इतकाच की मला ते कळलं आणि मी झगडलो. पुढे तर आधुनिक काळ समजून घ्यायचा तर तत्त्वज्ञाला आधी वाग्नरभक्त व्हावंच लागतं, इथवर तो येतो. म्हणजे रोग युरोपच्या संस्कृतीचा, आणि तो सगळ्यात स्पष्ट दिसतो वाग्नरमध्ये. ऐकणाऱ्याच्या मेंदूबद्दलची ही वैद्यकीय सूचना नव्हे.

आक्षेप नेमका कशाला होता, तेही बघा. तो म्हणतो, जुन्या संगीतात पाय नाचत. वाग्नरच्या अखंड सुरावटीत माणूस समुद्रात शिरतो, हळूहळू पायाखालची जमीन सुटते आणि शेवटी पोहावं लागतं. 'ट्रिस्टान'च्या सुरुवातीलाच हे ऐकू येतं. चेलो एकटे वर चढतात, मग तो प्रसिद्ध स्वरसंघात (एकदम वाजणारे अनेक स्वर, म्हणजे कॉर्ड) येतो, कान पूर्ततेची वाट बघतो, आणि संगीत दुसऱ्याच अपूर्ण स्वरसंघातावर जाऊन थांबतं. मग शांतता. पुन्हा तेच, आणखी वरून. ज्यांचा कान ख्यालावर तयार झालाय त्यांना हे असं सांगता येईल: समेची चाहूल दर वेळी लागते, सम येत नाही. ती पूर्तता संगीतिकेच्या अगदी शेवटी येते, चारेक तासांनी. नीत्शेला या ओढीची भीती वाटली, कारण ती त्याने स्वतः भोगली होती. तिच्याशी वाद घालायला हरकत नाही, पण त्यासाठी ती आधी ऐकावी लागते.

नीत्शेने या संगीताचं पुन्हा तोंड पाहिलं नाही, हे तर धादांत खोटं. एवढ्यासाठी एकच पत्र पुरे. जानेवारी 1887 मध्ये त्याने माँटे कार्लोला वाग्नरच्या 'पार्सिफाल' या संगीतिकेचा प्रारंभ ऐकला आणि मित्र पीटर गास्टला लिहिलं: निव्वळ कलेच्या दृष्टीने पाहिलं तर वाग्नरने याहून चांगलं काही केलंय का? हे त्याच 'पार्सिफाल'बद्दल, ज्याच्या ख्रिस्ती धार्मिकतेवर तो त्याच वर्षीच्या पुस्तकात तुटून पडला. आयुष्याच्या शेवटच्या शुद्धीतल्या महिन्यांत लिहिलेल्या आत्मकथनात तो म्हणतो, 'ट्रिस्टान'इतकी धोकादायक मोहिनी असलेली दुसरी कलाकृती मी सगळ्या कलांत शोधली, मिळाली नाही.

फ्रेंच संगीतकार बिझेच्या 'कारमेन' या संगीतिकेला त्याने डोक्यावर घेतलं, हे खरं. पण ते फार मनावर घेऊ नका, वाग्नरविरुद्ध उपरोधाने वापरायला ते चांगलं पडतं, असं डिसेंबर 1888 च्या एका पत्रात त्यानेच कळवलंय.

हिटलरच्या दोस्तीबद्दल काय बोलायचं! वाग्नर वारला 1883 मध्ये, हिटलर जन्मला 1889 मध्ये. वाग्नरचा ज्यूद्वेष मात्र खरा आणि किळसवाणा आहे. 1850 मध्ये त्याने संगीतातल्या ज्यूंविरुद्ध लेख लिहिला, 1869 मध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा छापला; पुढे त्याच्या वारसांनी हिटलरला बायरॉइटमध्ये मानाने बसवलं. नीत्शेने वाग्नरला ज्या गोष्टींसाठी धारेवर धरलं, त्यांत हा ज्यूद्वेष होताच. ही एक बाब पुढे पाठवण्यासारखी होती, आणि मजकुरातून नेमकी तीच गळाली आहे.